गेमच्या सर्व्हरवर मॉड (मॉडरेटर) व्हायला विचारलंय. हो म्हणू का?

चांदणी_रात्र

नमस्कार मंडळी. ३ वर्षं मी एकाच माइनक्राफ्ट (ठोकळे रचून जग बांधायचा गेम) सर्व्हरवर खेळतेय. सर्व्हायव्हल, म्हणजे साहित्य स्वतः गोळा करून खेळायचा, तसा छोटाच. डिस्कॉर्डवर (गप्पांचं ॲप) ६००च्या आसपास सदस्य, रात्री एका वेळी चाळीसेक जण खेळत असतात. एक ॲडमिन आणि त्याची बहीण दोघं मिळून स्वतःच्या खर्चाने चालवतात.

परवा ॲडमिनचा डीएम (खासगी मेसेज) आला, "मॉड होशील का? आधी महिनाभर ट्रायल." (मॉड म्हणजे चॅट आणि तक्रारींवर लक्ष ठेवणारी स्वयंसेवक.) कारण विचारलं तर म्हणाला, नवीन आलेल्यांना तू कुणी न सांगता रस्ता दाखवतेस, भांडण सुरू झालं तर आवाज न चढवता बोलतेस. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण अजून उत्तर दिलेलं नाही. आम्ही ४ मित्र मिळून समुद्रकाठी एक बंदर बांधतोय. धक्का झाला, गोदामं झाली, आता दीपगृह चाललंय. दिवसभराचं काम आटोपून त्या दीपगृहाच्या जिन्यात एकेक पायरी बसवत गप्पा मारणं, हा माझा विसावा आहे. मॉड झाले की तो उरेल का? आणि उद्या या चौघांतल्याच कुणाची तक्रार आली तर?

ज्यांनी हे काम केलंय किंवा नाकारलंय, त्यांनी अनुभव सांगा. किती वेळ जातो, रोज नेमकं काय करावं लागतं, आणि हो म्हणण्याआधी काय विचारून घ्यावं?

पिक्सेल

हो म्हण. नवख्यांना धीराने समजावणारी माणसं मुळात कमी असतात, त्यातली मॉड होणारी आणखी कमी.

खाणकामगार

साधारण अशाच सर्व्हरवर मी २ वर्षं मॉड होतो. लोकांना वाटतं मॉड म्हणजे बॅन करणारा, लोकांना सर्व्हरवरून हाकलणारा. माझ्या वेळेतला फार थोडा भाग बॅनमध्ये गेला. बाकी सगळं वाचन. चॅट वाचायचं, तक्रारी वाचायच्या, लॉग (कुणी कधी काय केलं याच्या नोंदी) वाचायचे.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कल्पना येईल. एका मुलीची तक्रार आली, "माझं कोठार लुटलं, शेजारच्यानेच केलंय, काल तो इथेच घुटमळत होता." चॅटमध्ये तोपर्यंत शेजाऱ्याची यथेच्छ निंदा झाली होती. १०-१२ जण "बॅन करा" म्हणत होते. मी तिथे गेलो, कोअरप्रोटेक्टचं इन्स्पेक्ट चालू केलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे प्लगइन कुणी कुठला ब्लॉक लावला, फोडला, कुठल्या पेटीतून काय काढलं याची नोंद ठेवतं. इन्स्पेक्ट चालू असताना पेटीवर राइट क्लिक केलं की त्या पेटीतली देवघेव ओळीने दिसते.) शेजाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. तिच्याच जोडीदाराने रात्री २ वाजता सगळा माल नव्या घरात हलवला होता आणि तिला सांगायचं राहून गेलं होतं.

सगळं मिळून ५ मिनिटांचं काम. पण ती ५ मिनिटं न देता जमावाचं ऐकलं असतं, तर एक निरपराध माणूस कायमचा गेला असता. त्या दिवसानंतर मी कधीच लॉग बघितल्याशिवाय कुणाला साधी वॉर्निंगही दिली नाही.

वेळेचं म्हणशील तर रोज अर्धा-पाऊण तास. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या लागल्या की दुप्पट धर.

आडनाव_नको

मी वेगळं मत मांडतो. नको होऊस.

फुकटच्या श्रमांवर या क्षेत्रात मोठमोठे धंदे उभे राहिलेत. एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम सांभाळणारे हजारो स्वयंसेवक होते. त्यांना पाळ्या लावून दिलेल्या, प्रशिक्षण होतं, अहवाल भरावे लागत. १९९९ मध्ये त्यांच्यापैकी काही जण कोर्टात गेले, म्हणाले हे स्वयंसेवन नाही, ही नोकरी आहे, किमान वेतन द्या. तो दावा २०१० मध्ये १.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. अल्टिमा ऑनलाइन या गेममध्ये नवख्यांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांनीही २००० मध्ये असाच दावा केला होता. रेडिट या चर्चांच्या साइटचं घ्या. २०२२ च्या एका अभ्यासात तिथले मॉडरेटर सगळे मिळून दिवसाला किमान ४६६ तास काम करतात असं निघालं. पैशात मोजलं तर वर्षाला ३४ लाख डॉलर, आणि तेही कमीत कमी धरून.

तुला "तू छान बोलतेस" म्हणाले. कौतुक करून काम गळ्यात घालणं सोपं असतं.

जुनं_खोड

@आडनाव_नको, माहिती बरोबर आहे, पण त्यातला एक धागा सुटला. एओएलच्या स्वयंसेवकांना आधी मोफत खातं मिळायचं आणि तेव्हा इंटरनेटचं बिल तासावर असल्यामुळे ते खातं मोलाचं होतं. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायला सुरुवात केली. तासांचं बिलच गेल्यावर मोफत खात्याची किंमत उतरली, काम मात्र तेवढंच राहिलं. नाराजी तिथून वाढली.

धागाकर्तीचा सर्व्हर दोन भावंडं पदरमोड करून चालवतात. तिथे कुणी तिच्या कष्टावर नफा कमावत नाही. गावातल्या वाचनालयात संध्याकाळी बसून पुस्तकं देणाऱ्याला आपण पिळवणूक झालेला कामगार म्हणत नाही. कसोटी माझ्या मते एकच: एखाद्या दिवशी "आज जमणार नाही" असं कारण न देता म्हणता येतं का? येत असेल तर ते स्वयंसेवन.

आडनाव_नको

कसोटी मान्य. पण ती कसोटी हो म्हणण्याआधी लावायची असते, नंतर नाही.

जुनं_खोड

त्यात दुमत नाही.

झुळूक

मला मित्रांच्या प्रश्नावर बोलायचंय, कारण मी त्यातून गेलेय.

एका शूटर गेमच्या डिस्कॉर्डवर मॉड होते. माझ्या रोजच्या स्क्वाडमधला (टीममधला) एक जण नव्या खेळाडूंना व्हॉइस चॅनेलवर फार टोचून बोलायचा. आम्हा जुन्यांना सवय झालेली, आम्ही हसून सोडायचो. मॉड झाल्यावर त्याच्या विरोधात पहिली तक्रार आली तेव्हा मी त्याला एकटीने, खासगीत, लाडीगोडीने समजावलं. दुसरी आली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तक्रार करणाऱ्या मुलाने लिहिलं, "तुमच्या मित्राबद्दल सांगून काही उपयोग नाही हे मला कळलंय, फक्त नोंद असावी म्हणून लिहितोय." आणि तो सर्व्हर सोडून गेला.

ते वाक्य अजून टोचतं. मित्राला वाचवलं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ज्याला माझी गरज होती त्याला मी वाऱ्यावर सोडलं होतं. नंतर आम्ही नियम केला: आपल्या स्क्वाडमधल्या, नात्यातल्या, किंवा ज्याच्याशी आपलं वाजलंय अशा कुणाचीही तक्रार आपण हाताळायची नाही. चॅनेलवर "माझा संबंध आहे" एवढं लिहून दुसऱ्याकडे द्यायची. तुझ्या सर्व्हरवर असा दुसरा मॉड आहे का, हे सगळ्यात आधी विचार. एकटीच असशील तर मी नाही म्हणेन.

चांदणी_रात्र

@झुळूक, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आणखी २ मॉड आहेत, त्यातली एक बरीच जुनी. "माझा संबंध आहे" हे चार शब्दांचं काम आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पिक्सेल

तीन शब्द. 😀

चांदणी_रात्र

बरोबर, तीन! मोजणाऱ्याला मॉड करा कुणीतरी. 😀

तिसरा_डोळा

मी तांत्रिक बाजू सांगतो, ती सहसा कुणी नवीन मॉडला बसवून शिकवत नाही.

डिस्कॉर्डवर कुणाला बॅन करताना त्याचे मागचे मेसेज पुसायचे का असं विचारतात, जास्तीत जास्त ७ दिवसांचे. घाईघाईत सगळे हो म्हणतात आणि पुरावाच नाहीसा होतो. ऑडिट लॉग (सर्व्हरवर कुणी काय कारवाई केली याची नोंद) ४५ दिवसांचाच असतो आणि त्यात पुसलेल्या मेसेजचा मजकूर राहत नाही. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग कारवाई. स्क्रीनशॉटमध्ये फक्त तो एक मेसेज नको, आधीचे ५-१० मेसेजही हवेत. अर्धं भांडण वाचून न्याय होत नाही.

चॅट तापलं की बॅनच्या आधी स्लो मोड (एकाच्या दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर) लावून बघ. ५ सेकंदांपासून ६ तासांपर्यंत ठेवता येतो. ३० सेकंद लावला तरी माणूस लिहिलेलं पुन्हा वाचतो. टाइमआउट (तेवढा वेळ लिहायला-बोलायला बंदी) १ मिनिटापासून आठवड्यापर्यंत देता येतो. माझ्या अनुभवात १० मिनिटांचा टाइमआउट सगळ्यात जास्त कामाचा, तेवढ्यात निम्मे लोक पाणी पिऊन, शांत होऊन येतात.

आणि खातं सांभाळ. मॉडच्या खात्यावर डोळा ठेवून असणारे बरेच असतात. "मी एक छोटा गेम बनवलाय, खेळून बघशील का?" असा ओळखीच्याच नावाने डीएम येतो, फाइल उघडली की खातं गेलं, आणि मग तुझ्या नावाने अख्ख्या सर्व्हरवर घाण ओतली जाते. टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड) लावल्याशिवाय मॉडचा रोल घेऊच नकोस. "ॲडमिनिस्ट्रेटर" ही परवानगी कुणी उदारपणे देऊ केली तरी नको म्हण. म्यूट, टाइमआउट, मेसेज काढणं, गरज पडली तर बॅन, एवढं पुरतं.

कोरा_कागद

ऑटोमॉड (नको ते मेसेज आपोआप अडवणारी डिस्कॉर्डची सोय) आल्यापासून माणसांची गरज काय? शब्दांची यादी घातली की काम झालं.

तिसरा_डोळा

@कोरा_कागद, ऑटोमॉड २०२२ पासून आहे आणि स्पॅमसाठी उत्तम आहे. पण शब्दांच्या यादीचं दुखणं जुनं आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावात योगायोगाने एक अश्लील शब्द दडलाय. फिल्टरला गाव कळत नाही, अक्षरं कळतात. आपल्याकडे तर उलटंही होतं. शिवी रोमन लिपीत लिहिली, मध्ये एखादा आकडा घुसवला की फिल्टर ती खुशाल जाऊ देतो.

झुळूक

आणि गेममध्ये तर "थांब, तुला मारते" हे वाक्य संध्याकाळभरात १०० वेळा येतं. दोन मैत्रिणी एकमेकींना म्हणतात तेव्हा तो खेळ. तेच वाक्य एखादा माणूस ३ दिवस एकाच मुलीला, ती दुसऱ्या चॅनेलवर गेली तर तिथे जाऊन लिहितो, तेव्हा तो खेळ राहत नाही. शब्द तेच आहेत. फरक कळायला ती दोघं कोण आहेत हे माहीत असलेलं माणूस लागतं.

कोरा_कागद

हे पटलं.

जुनं_खोड

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. लॅम्डामू नावाचं एक जग होतं, नुसत्या अक्षरांचं, चित्र नाही की आवाज नाही. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या एका संगणकावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालायचं. तिथल्या ॲडमिनना "विझर्ड" म्हणत. रोजची भांडणं सोडवून ते इतके थकले की १९९२ च्या अखेरीस त्यांनी जाहीर केलं, यापुढे आम्ही फक्त यंत्र चालू ठेवू, माणसांचं तुमचं तुम्ही बघा.

काही महिन्यांतच, १९९३ मध्ये, एका सदस्याने एक प्रोग्रॅम वापरून इतरांच्या पात्रांकडून भर दिवाणखान्यात अत्यंत घाणेरड्या गोष्टी केल्याचं दाखवलं. ज्यांच्यावर हे बेतलं त्या खरोखर हादरल्या होत्या. सगळे जमून दिवसेंदिवस चर्चा करत राहिले, काय करावं ठरेना, कारण ठरवायचा अधिकार कुणाकडेच उरला नव्हता. शेवटी एका विझर्डने स्वतःच्या जबाबदारीवर ते पात्र काढून टाकलं. मग अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली गेली. तीही नीट चालली नाही आणि १९९६ मध्ये विझर्डांनी निर्णय पुन्हा हातात घेतले.

मी ही गोष्ट नेहमी सांगतो, कारण "मॉड नकोतच, लोक आपापसात बघून घेतील" असं म्हणणारे दर पिढीत भेटतात. ते एकदा करून बघितलेलं आहे.

पिक्सेल

मग खेळाडूंनाच न्यायाधीश करण्याचं काय? लीग ऑफ लेजंड्स या गेममध्ये ट्रिब्युनल होतं ना.

खाणकामगार

होतं, २०११ ते २०१४. तक्रारी आणि चॅट लॉग खेळाडूंसमोर यायचे, ते शिक्षा करायची की सोडायचं यावर मत द्यायचे. सीएस:गो (काउंटर-स्ट्राइक) या शूटर गेममध्ये २०१३ पासून ओव्हरवॉच होतं. चीट करतो असा संशय असलेल्याचा खेळ जुन्या खेळाडूंना दाखवायचे. तिथली एक गोष्ट मी उचलली: त्यात संशयिताचं नाव दिसायचं नाही. आम्ही मॉड चॅनेलवर प्रकरण टाकताना नाव झाकून "खेळाडू अ" लिहायला लागलो. "अरे हा तर नेहमीचाच" हे वाक्य त्या दिवसापासून बंद झालं.

तिसरा_डोळा

नाव झाकण्याची कल्पना आजच आमच्याकडे मांडतो.

घुबड

मी वर्षानुवर्षं इथे फक्त वाचतो, आज लिहितो. मी दुसऱ्या बाजूला होतो. बॅन झालेला.

१६ वर्षांचा होतो. घरात तेव्हा बरंच काही चाललं होतं, ते इथे नको. रात्र रात्र एका सर्व्हरवर पडून असायचो आणि जो भेटेल त्याच्यावर राग काढायचो. एका मुलाने आठवडाभर खपून बांधलेला पूल मी लाव्हा ओतून, टीएनटी लावून उडवला. का, तर तो आनंदात होता म्हणून.

बॅन झालो. त्याआधीही दोन सर्व्हरवरून झालो होतो. तिथे फक्त "यू आर बॅन्ड" एवढंच यायचं आणि मी दुसऱ्या खात्याने परत जायचो. इथल्या मॉडने मात्र मला लिहिलं. जवळजवळ पाठ आहे. मी कुठल्या दिवशी कुणाला काय म्हणालो ते तीन मेसेज माझ्याच शब्दांत, खाली पूल मोडल्याची वेळ. मग, "हे तुला शिक्षा म्हणून नाही, त्या मुलाला इथे निर्धास्त खेळता यावं म्हणून आहे. ६० दिवसांनी अपील कर. मी स्वतः वाचेन. दुसऱ्या खात्याने आलास तर नाही वाचणार."

माझेच शब्द असे एकाखाली एक मांडलेले बघितल्यावर मला पहिल्यांदा लाज वाटली. ६० दिवस थांबलो. ६१व्या दिवशी लिहिलं. त्याने खरंच वाचलं होतं, कारण उलट प्रश्न विचारला, "पुलाचं काय करणार?" परत आल्यावर पहिले ४ दिवस मी दगड खणले आणि त्या मुलाबरोबर तो पूल पुन्हा बांधला.

त्या मॉडला पैसे मिळत नव्हते. त्याला मी कोण, कुठला, काहीच माहीत नव्हतं. चांदणी_रात्र, तू विचारलंस रोज नेमकं काय करावं लागतं. मला वाटतं हे.

झुळूक

घुबड, लिहिलंत ते फार बरं केलंत. लिहीत राहा.

पिक्सेल

वाचून थांबलो थोडा वेळ. 🙏

आडनाव_नको

घुबड यांचा प्रतिसाद वाचून माझं मत बदललं असं म्हणणार नाही, पण धार बोथट झाली. त्या मॉडने जे केलं त्याला वेळ लागतो, मन लागतं. म्हणूनच म्हणतो, असं माणूस जपून वापरलं पाहिजे.

चांदणी_रात्र, हो म्हणणार असशील तर हे लेखी घे. आठवड्याला किती तास अपेक्षित आहेत. तू नसताना कोण बघणार. तुझा निर्णय कुणी बदलला तर आधी तुझ्याशी बोलणार का. आणि बाहेर कसं पडायचं. शेवटचं कुणी विचारत नाही. मग लोक वर्ष वर्ष कंटाळलेले, चिडलेले, पण रोल सोडायला संकोचणारे असे उरतात, आणि त्यांचा राग नवख्यांवर निघतो.

खाणकामगार

याला पूर्ण अनुमोदन. मी स्वतः ६ महिने उशिरा सोडलं. त्या ६ महिन्यांत मी तक्रार उघडतानाच वैतागलेला असायचो. घरच्यांशी जेवताना फोन वाजला की आधी तिकडे हात जायचा. पुढे नोटिफिकेशन फक्त ठरलेल्या तासात चालू ठेवल्या, पण तोवर मन उडालं होतं.

आणि दीपगृहाबद्दल: मी वेगळ्या खात्याने खेळायचो, रंगीत नाव नाही, मॉडचा बिल्ला नाही. समोर आलं की लोक "मॉड, जरा बघ ना" म्हणतात, त्यातून सुटका.

झुळूक

वेगळं खातं मला पटत नाही. लोक तुमच्यासमोर मोकळेपणी बोलतात आणि त्यांना माहीत नसतं की मॉड ऐकतोय. कळल्यावर विश्वास जातो.

खाणकामगार

बाकीच्या मॉडना आणि माझ्या गटाला माहीत होतं. आणि त्या खात्यावर ऐकलेल्या गोष्टीवरून मी कधी कारवाई केली नाही. तरी तुझा मुद्दा योग्य आहे. सर्वांना सांगून "या वेळेत मी फक्त खेळते" असं नावापुढे लिहिणं जास्त सरळ.

वाटाड्या

उशिरा येतोय, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही आणि ती लिहायलाच हवी.

गेमच्या सर्व्हरवर मुलं असतात. डिस्कॉर्डची अट १३ वर्षांची आहे, प्रत्यक्षात त्याहून लहानही येतात. एखादं मोठं माणूस लहान मुलाला सारखं "डीएममध्ये ये", "कॅमेरा चालू कर", "घरी सांगू नकोस" म्हणताना दिसलं, तर मॉडने स्वतः गुप्तहेर व्हायचं नाही. त्या माणसाशी वाद घालायचा नाही, सापळा लावायचा नाही. तो मेसेज आहे तसा ठेवून आधी प्लॅटफॉर्मकडे रिपोर्ट करायचा, कारण मेसेज पुसला गेला तर त्यांना तपासता येत नाही. लगेच ॲडमिनला कळवायचं. मग काढायचं आणि बॅन.

दुसरं, कधीतरी मध्यरात्री कुणीतरी लिहितं की जगावंसं वाटत नाही. माझ्यासमोर दोनदा आलं. अशा वेळी वाटतं आपणच रात्रभर बोलत बसावं. माणुसकीने बोलावंच, पण एकट्याने ते ओझं उचलू नये. त्याच्या देशातल्या मदत क्रमांकाकडे, घरातल्या मोठ्या माणसाकडे त्याला नेणं, आणि प्लॅटफॉर्मला कळवणं. दुसऱ्या दिवशी आपल्यालाही कुणाशी तरी बोलायला हवं. पगारी मॉडरेटरसुद्धा सतत वाईट बघून आजारी पडलेत. फेसबुकने २०२० मध्ये त्यांच्यासाठी ५.२ कोटी डॉलरची तडजोड केली ती याच कारणाने. आपण तर कामावरून थकून येऊन हे करतो.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही. हे दोन प्रसंग कधीच येणार नाहीत असंही होईल. पण आले तर काय करायचं हे आधी ठरलेलं असलं की हात थरथरत नाहीत.

चांदणी_रात्र

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. वाटाड्यांचा छापून भिंतीवर लावलाय. ॲडमिनशी बोलते आणि मग येऊन सांगते.

कोरा_कागद

वाट बघतोय. असे धागे अर्धवट राहतात आणि चुटपुट लागून राहते.

चांदणी_रात्र

बरोबर ३ आठवड्यांनी येतेय. @कोरा_कागद, अर्धवट नाही सोडला.

हो म्हणाले. आडनाव_नको यांनी लिहिलेल्या चारही गोष्टी ॲडमिनला विचारल्या. त्याने त्याच रात्री उत्तरं लिहून मॉड चॅनेलवर लावली: आठवड्याला ४ तास, त्याहून जास्त अपेक्षा नाही. दर ३ महिन्यांनी तो प्रत्येकाला विचारणार, "थांबायचंय का?" थांबणाऱ्याला कारण द्यावं लागणार नाही. जुन्या मॉडने मला खासगीत लिहिलं, "हे मला २ वर्षांपूर्वी विचारायचं सुचायला हवं होतं."

मग दहाव्या दिवशी तक्रार आली. आमच्या चौघांतल्या एकाची. एक्स-रे (जमिनीच्या आरपार हिरे दाखवणारी चीट) वापरतो म्हणून.

मी लॉग उघडले नाहीत. फार मोह झाला, पण "माझा संबंध आहे" लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. जुन्या मॉडने बघितलं. नाव झाकून बाकीच्यांसमोर ठेवलं. सरळ चाललेला बोगदा मध्येच वळून नेमका हिऱ्यांपाशी जातो, तिथून पुन्हा वळून पुढच्या हिऱ्यांपाशी, असं एका रात्रीत ११ वेळा. वाटेतल्या लोखंडाला, कोळशाला हातही नाही. त्याला विचारलं, त्याने कबूल केलं. हिरे परत घेतले, ७ दिवसांचा बॅन. काय, कधी, कुठे, हे सगळं त्याला लिहून दिलं आणि अपील कसं करायचं तेही. मजकूर जुन्या मॉडचा, पण घुबड, तुमचा प्रतिसाद मी तिला आधीच वाचायला दिला होता.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. गटाच्या चॅनेलवर बाकी दोघं लिहायचे, तो ऑनलाइन दिसायचा, उत्तर नाही. मी रोज लॉगिन करून दीपगृहात जायचे आणि काही न लावता परत यायचे.

काल रात्री त्याचा मेसेज आला. माफी वगैरे काही नाही. "वरच्या खोलीची काच तुम्ही लावून टाकली का? ती मी लावणार होतो."

झुळूक

मग?

चांदणी_रात्र

नाही लावली. जिना पूर्ण आहे, वरची खोली चारी बाजूंनी उघडी आहे. बॅन शनिवारी संपतो.

खाणकामगार

शनिवारी त्या वेळेत नोटिफिकेशन बंद ठेव.

चांदणी_रात्र

ठेवल्यात. नावापुढे लिहिलंयसुद्धा: "शनिवार रात्र, फक्त खेळते."